वाचकांचे प्रश्न : घरी शिकणाऱ्या मुलांसाठी जीवशास्त्र

प्रश्न : मॅडम, सप्रेम नमस्कार. आम्ही ह्यूस्टनजवळ केटीला राहतो. मिस्टरांच्या नोकरीत सारख्या बदल्या, म्हणून मुलीला पाचवीपासून मी घरीच शिकवते. येत्या ऑगस्टमध्ये तिची नववी सुरू होईल. तिला जनावरांची डॉक्टर व्हायचंय, त्यामुळे बायॉलॉजी कच्चं राहून चालणार नाही. इथल्या होमस्कूल को-ऑपमध्ये, म्हणजे घरी शिकवणाऱ्या पालकांनी मिळून चालवलेल्या गटात, आठवड्यातून एकदा बायॉलॉजीचा वर्ग भरतो आणि तिच्या सगळ्या मैत्रिणी तिथेच जातात. मी त्यांचं पुस्तक आणून वाचलं. पृथ्वी काही हजार वर्षांची आहे आणि प्राण्यांचे प्रकार देवाने वेगवेगळे घडवले, असं त्यात सरळ लिहिलंय. मग 'न्यूट्रल' म्हणून विकलं जाणारं दुसरं पुस्तक मागवलं. त्यात धर्माचं काही नाही, पण शेवटपर्यंत शोधूनही उत्क्रांती सापडली नाही. साताऱ्याहून सासरे म्हणतात, डोळे झाकून एनसीईआरटीची अकरावी-बारावीची पुस्तकं लाव. मी स्वतः बी.कॉम., दहावीनंतर सायन्सचं पुस्तक हातात धरलेलं नाही. धर्म मध्ये न आणणारा आणि कसून शिकवणारा कोर्स कसा निवडायचा? प्रयोगांचं काय? आम्ही शाकाहारी आहोत, बेडूक कापायची वेळ आली तर? आणि कॉलेजं हे सगळं मान्य करतील का?
— एक आई, केटी, टेक्सास

उत्तर : को-ऑपच्या पुस्तकाबद्दल तुमच्या मनात शंका नाही, त्यामुळे तिथे मी वेळ घालवत नाही. मला काळजी वाटते ती त्या 'न्यूट्रल' पुस्तकाची. पहिल्या पुस्तकातली चूक निदान समोर दिसते. दुसऱ्यातून काय गायब आहे हे चौदा वर्षांच्या मुलीला कळणार कसं? उत्क्रांती गाळून लिहिलेलं जीवशास्त्र म्हणजे रोजकीर्दीत सगळ्या नोंदी आहेत, पण खतावणी केलेलीच नाही. पेशी, प्रथिनं, जनुकं, प्राण्यांचे वर्ग, सगळं लिहिलेलं असतं, आणि एकाचा दुसऱ्याशी संबंध कुठेच लागत नाही. मुलं पाठ करतात आणि परीक्षा झाली की विसरतात.

तुमच्या मुलीला जनावरांची डॉक्टर व्हायचंय ना, मग तिच्याच वाटेवरचं उदाहरण देते. माणसाच्या मधुमेहावर कित्येक दशकं डुकराचं आणि गाईचं इन्शुलिन वापरलं. डुकराच्या आणि माणसाच्या इन्शुलिनमध्ये फक्त एका अमिनो आम्लाचा फरक आहे, गाईच्या आणि आपल्या इन्शुलिनमध्ये तिनांचा. हे असं का, याचं उत्तर 'समान पूर्वज' या कल्पनेशिवाय देता येत नाही. उंदरावर तपासलेलं औषध माणसाला लागू पडेल असं आपण का मानतो? कळपाला वारंवार अँटिबायोटिक दिलं की ते निकामी का होतं? पशुवैद्यकात हे रोजचे प्रश्न आहेत. डॉबझान्स्की या शास्त्रज्ञाने १९७३ मध्ये शिक्षकांसाठीच लिहिलेल्या लेखाचं शीर्षक होतं, की उत्क्रांतीच्या प्रकाशात पाहिल्याशिवाय जीवशास्त्रातल्या कशालाच अर्थ लागत नाही. मी आधी मिरजेत अकरावी-बारावीला आणि नंतर न्यू जर्सीत कम्युनिटी कॉलेजच्या लॅबमध्ये शिकवलं. दोन्हीकडे मुलांची खरी अडचण हीच होती. माहिती भरपूर, आणि ती बांधायला धागा नाही.

म्हणून पुस्तक हातात आलं की अनुक्रमणिकेत 'उत्क्रांती' हा धडा आहे का, एवढ्यावर थांबू नका. वर्गीकरणाचा धडा उघडा. तिथे प्राण्यांची नुसती यादी आहे, की कोण कोणाच्या जवळचा आणि ते कशावरून ठरवलं हे दाखवणारा वंशवृक्ष आहे? पृथ्वीचं वय बघा, ते सुमारे ४५४ कोटी वर्षं असं स्पष्ट दिलेलं हवं. 'काही शास्त्रज्ञांना असं वाटतं' अशी वाक्यं फक्त उत्क्रांतीच्याच धड्यात येत असतील आणि पेशीच्या धड्यात कुठेच नसतील, तर पुस्तक बाजूला ठेवा. 'लहान बदल होतात, पण मोठे बदल कोणी पाहिलेले नाहीत' हे वाक्य दिसलं तरी तेच.

आता कसून शिकवणं म्हणजे काय ते. जाड पुस्तक आणि अवघड शब्द म्हणजे कसून शिकवणं, असा समज इथल्या आणि तिकडच्याही पालकांत खोल रुजलाय. मी एकच धडा तपासते, डीएनएचा. 'डीएनए हे आनुवंशिक द्रव्य आहे' असं सांगून पुस्तक पुढे सरकतं, की हे कळलं कसं ते सांगतं? १९२८ मध्ये ग्रिफिथने निरुपद्रवी जिवंत जिवाणू आणि मारलेले घातक जिवाणू एकत्र करून उंदरांना टोचले आणि उंदीर मेले. मेलेल्या जिवाणूंमधून जिवंत जिवाणूंत काहीतरी गेलं होतं. काय गेलं? १९४४ मध्ये एव्हरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकेक पदार्थ बाद करत ते डीएनएपर्यंत आणलं, तरी पुष्कळांना पटेना. १९५२ मध्ये हर्षी आणि चेझ यांनी जिवाणूंवर हल्ला करणाऱ्या विषाणूंच्या प्रथिनाला एक आणि डीएनएला दुसरी किरणोत्सारी खूण लावून बघितलं, की जिवाणूच्या आत कोणती खूण जाते. ही साखळी मुलीपुढे मांडून 'तू असतीस तर पुढचा प्रयोग काय केला असतास?' असं विचारणारं पुस्तक, तेच कसून शिकवणारं. नुसता दुहेरी सर्पिलाचा रंगीत फोटो देणारं पुस्तक कितीही जाड असू दे.

नावं द्यायची तर नववीसाठी मी मिलर आणि लेव्हिन यांचं 'बायॉलॉजी' सुचवीन. अमेरिकेतल्या पब्लिक स्कूलमध्ये ते अनेक वर्षं वापरात आहे, भाषा स्वच्छ आहे, आणि जुन्या आवृत्त्या सेकंडहँड अगदी स्वस्तात मिळतात. या पुस्तकाची एक हकीकत तुम्हाला ठाऊक असावी. पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हर गावच्या स्कूल बोर्डाने याच पुस्तकाच्या जोडीला, सजीव कोणा बुद्धिमान रचनाकाराने घडवले हा विचार मुलांच्या कानावर घालायचं ठरवलं. पालक कोर्टात गेले. पुस्तकाचे एक लेखक केनेथ मिलर पालकांच्या बाजूने साक्षीला उभे राहिले. ते स्वतः श्रद्धावान कॅथलिक आहेत. माणसाचं दुसऱ्या क्रमांकाचं गुणसूत्र हे दोन गुणसूत्रं जोडून झालेलं आहे, वानरांच्या २४ जोड्या आणि आपल्या २३ यांचा हिशेब तिथे लागतो, हे त्यांनी न्यायाधीशांना समजावून दिलं. डिसेंबर २००५ मध्ये निकाल पालकांच्या बाजूने लागला. आपण देव मानतो म्हणून मुलीला उत्क्रांती शिकवताना अवघडल्यासारखं वाटत असेल, तर ही साक्ष तिच्याबरोबर वाचा.

याच्या जोडीला ओपनस्टॅक्सची पुस्तकं ठेवा. राइस युनिव्हर्सिटीचा हा उपक्रम आहे, म्हणजे तुमच्या ह्यूस्टनचाच, आणि सगळं फुकट. त्यातलं 'कन्सेप्ट्स ऑफ बायॉलॉजी' सोपं आहे. 'बायॉलॉजी' नावाचं मोठं पुस्तक कॉलेजचं आहे, ते नववीत नको. आठवड्याला काय करायचं याचं वेळापत्रक आणि तपासणारा माणूस आयता हवा असेल, तर व्हरमाँटच्या ओक मेडोचा बायॉलॉजीचा कोर्स धर्मनिरपेक्ष आहे आणि पैसे भरून त्यांचे शिक्षकही मिळतात. व्हिडिओसाठी अमीबा सिस्टर्स लावा. टेक्सासच्याच दोघी बहिणी, त्यांतली एक शिक्षिका होती. पण व्हिडिओ धडा वाचून झाल्यावर. आधी लावला की वाचणं राहून जातं.

एक गोष्ट मात्र चुकवू नका. हॉवर्ड ह्यूजेस मेडिकल इन्स्टिट्यूटचं बायोइंटरॅक्टिव्ह हे फुकट साहित्य आहे, त्यातला खडकांमधल्या छोट्या उंदरांचा पाठ. ॲरिझोनात फिकट वाळूच्या प्रदेशात मध्येच लाव्ह्याचा काळा खडक पसरलेला आहे. वाळूवरचे उंदीर फिकट, काळ्या खडकावरचे काळे. घुबडाला फिकट खडकावर काळा उंदीर लगेच दिसतो, काळ्यावर फिकट. इथपर्यंत कुठलंही पुस्तक सांगेल. हा पाठ पुढे जाऊन मुलांच्या हातात त्या जनुकाचा क्रम देतो आणि विचारतो, कोणतं अक्षर बदललं, त्याने कोणतं अमिनो आम्ल बदललं, आणि त्यामुळे केसांत काळा रंग का भरला? ॲरिझोनातल्या उंदरांत चार बदल सापडतात. न्यू मेक्सिकोतल्या काळ्या उंदरांत ते चार नाहीत, तिथे रंग दुसऱ्याच वाटेने आला. घुबडापासून अमिनो आम्लापर्यंत सगळं एका उंदरात. हा पाठ नीट झाला की मुलीला जीवशास्त्राचे वेगवेगळे कप्पे करून शिकवावं लागणार नाही.

सासऱ्यांचं म्हणणं पूर्ण चुकीचं नाही. एनसीईआरटीची अकरावी-बारावीची पुस्तकं आटोपशीर आहेत, फुकट उतरवून घेता येतात, आणि शरीरक्रियेचे धडे तर उत्तमच आहेत. बारावीच्या पुस्तकात उत्क्रांतीचा धडाही आहे. पण दहावीच्या पुस्तकातून तो २०२३ मध्ये काढला, 'आनुवंशिकता आणि उत्क्रांती' या धड्याचा नुसता 'आनुवंशिकता' झाला. १८०० हून जास्त शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी त्याविरुद्ध सह्या केल्या. मला त्याचं फार वाईट वाटलं, कारण दहावीनंतर विज्ञान सोडणाऱ्या मुलांच्या कानावर हा विषय शाळेत आता पडणारच नाही. शिवाय ही पुस्तकं निष्कर्ष देतात, आकडे देऊन 'यातून काय निघतं?' असं विचारत नाहीत. अमेरिकेतल्या परीक्षेत तर तेच विचारतात. तेव्हा उजळणीला जवळ ठेवा, मुख्य पुस्तक म्हणून नको.

प्रयोगांसाठी महागडी पेटी लगेच मागवू नका. पालकाच्या भाजीचा एक प्रयोग सांगते, तो पहिल्याच महिन्यात करा. ताज्या पालकाच्या पानातून पेपर पंच करायच्या यंत्राने गोल चकत्या पाडायच्या, जाड शिरा टाळून. ३०० मिलिलिटर पाणी कुठल्याही मापाच्या भांड्यात मोजून घ्यायचं, त्यात पाव चमच्याच्याही निम्मा खायचा सोडा आणि भांड्यांच्या साबणाचा एक थेंब. चकत्या बिनसुईच्या सिरिंजमध्ये घालून थोडं हे पाणी ओढायचं, टोकाला बोट लावून दट्ट्या मागे खेचायचा आणि दहा सेकंद धरून सोडायचा. पानातली हवा निघून तिथे पाणी शिरतं आणि चकत्या बुडतात. दोन-तीनदा करावं लागेल. मग दहा चकत्या पारदर्शक ग्लासात सोड्याच्या पाण्यात, दहा दुसऱ्या ग्लासात नुसत्या साबणाच्या पाण्यात, आणि दोन्ही दिव्याखाली. मुलीने दर मिनिटाला किती वर आल्या ते लिहायचं. सोड्यातून कार्बन डायऑक्साइड मिळतो, प्रकाशसंश्लेषण सुरू होतं, ऑक्सिजनचे बुडबुडे पानात साठतात आणि चकती हलकेच उठून वर येते. साध्या पाण्यातल्या बहुतेक खालीच बसून राहतात. सगळ्या वर आल्या की ग्लास अंधारात ठेवायचा. पान श्वसनात ऑक्सिजन वापरतं आणि चकत्या पुन्हा खाली जाऊ लागतात.

इथे थांबलं तर ती करमणूक झाली. खरा अभ्यास पुढे आहे. निम्म्या चकत्या वर यायला किती मिनिटं लागली, ते आलेखावरून काढायचं. मग दिवा लांब नेला तर? हिरवा कागद लावला तर? पाणी गरम असेल तर? एका वेळी एकच गोष्ट बदलायची, प्रत्येकाचे तीन-तीन प्रयत्न करायचे, सरासरी काढायची, आणि आकडे अपेक्षेप्रमाणे आले नाहीत तरी खोडायचे नाहीत. बांधलेल्या वहीत, पेनने, तारखेसह. इथे तुमचं बी.कॉम. कामाला येईल. नोंदी चोख कशा ठेवायच्या आणि आकडे जुळत नसतील तर कुठे शोधायचं, हे तुम्हाला कोणी शिकवायला नको. जीवशास्त्र तुम्ही तिच्याबरोबर वाचालच.

एक वस्तू मात्र चांगली घ्या, सूक्ष्मदर्शक. धातूचा, एलईडी दिव्याचा, ४०, १०० आणि ४०० पट मोठं दाखवणारा. खेळण्यांच्या दुकानात १२०० पट लिहिलेला प्लॅस्टिकचा मिळतो, त्यात धड काही दिसत नाही आणि मुलांचा विरस होतो. कांद्याचा पापुद्रा, गालाच्या आतल्या पेशी, तळ्याचं पाणी, दह्याचा ठिपका, एवढ्यावर कित्येक आठवडे जातात. जे दिसेल त्याची पेन्सिलने आकृती काढायला लावा. मोबाइलने फोटो काढला की डोळे बघायचे थांबतात.

बेडकाची चिंता सोडा. हायस्कूलच्या जीवशास्त्राला विच्छेदन लागतंच असं नाही, एपी या हायस्कूलमध्येच करायच्या कॉलेज-पातळीच्या कोर्सलाही नाही. भारतातही विद्यापीठांच्या प्राणिशास्त्राच्या वर्गातून ते आता जवळजवळ गेलं. ह्यूस्टनच्या हवेत जास्वंद अंगणात वाढते. तिचं फूल उभं चिरलं की पुंकेसरांची नळी, तिच्या आतून वर गेलेली स्त्रीकेसराची काडी, टोकाची पाच मखमली टोपणं आणि तळाच्या अंडाशयातले कप्पे सगळं नुसत्या डोळ्यांनी दिसतं. आमच्या मिरजेच्या लॅबमध्ये पहिलं प्रात्यक्षिक हेच असायचं. पण एक सांगायलाच हवं. पशुवैद्यकाच्या कॉलेजात गेल्यावर तिला मेलेली जनावरं हाताळावीच लागतील, आणि त्याबद्दल तिच्याशी आताच बोला. तिला स्वतःला काय वाटतं ते विचारा. घरचं शाकाहारीपण आणि तिचा व्यवसाय यांचा मेळ तिचा तिने घालायचा आहे.

कॉलेजांचं सांगते. टेक्सास होमस्कूलला खासगी शाळा मानतं, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९४ च्या लीपर खटल्यात ते पक्कं केलं. शिकवायलाच हवेत अशा विषयांत वाचन, शुद्धलेखन, व्याकरण, गणित आणि नागरिकत्व आहे. विज्ञान नाहीच. म्हणजे तुमचं बायॉलॉजी कोणी तपासायला येणार नाही, आणि म्हणूनच बाहेरचा एखादा पुरावा हवा. तो दोन वाटांनी मिळतो.

एक वाट एपी बायॉलॉजीची. नववीत हे बायॉलॉजी, दहावीत केमिस्ट्री, आणि अकरावीत एपी. केमिस्ट्रीआधी एपी करू नका. पेशीतल्या ऊर्जेचे धडे रसायनशास्त्राशिवाय नुसते घोकावे लागतात. तेव्हा पुस्तक कॅम्पबेलचं घ्या, किंवा ओपनस्टॅक्सचं एपीसाठीचं. परीक्षा मे महिन्यात, तीन तासांची, ६० बहुपर्यायी आणि सहा लेखी प्रश्न, दोन्हींना निम्मे-निम्मे गुण. लेखी प्रश्नांत आलेख काढायचा असतो, प्रयोगातली उणीव शोधायची असते. पालकाच्या चकत्यांचे ते तीन-तीन प्रयत्न इथे उपयोगी पडतात. घरी शिकणाऱ्या मुलांना परीक्षेसाठी जवळची शाळा स्वतः शोधावी लागते, आणि शाळा नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत मागणी नोंदवून टाकतात. तेव्हा ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच एपी कोऑर्डिनेटरला फोन करा. तुमच्या कोर्सच्या नावात 'एपी' लिहायचं असेल, तर एपीची परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाकडे अभ्यासक्रम पाठवून मंजुरी घ्यावी लागते. पालकांनाही ती मिळते. स्वतः शिकवायचं नसेल, तर पीए होमस्कूलर्सचे ऑनलाइन एपी वर्ग आहेत.

दुसरी वाट कम्युनिटी कॉलेजच्या ड्युअल क्रेडिटची, म्हणजे हायस्कूलमध्ये असतानाच कॉलेजचा कोर्स करून तो दोन्हीकडे धरून घ्यायची. तिथे खरी लॅब मिळते, हा मोठा फायदा. टेक्सासमध्ये कोर्सचे क्रमांक सगळीकडे सारखे असतात. बायॉलॉजी १४०६ आणि १४०७ विज्ञान घेणाऱ्यांसाठी, १४०८ आणि १४०९ इतरांसाठी. तुमच्या मुलीने १४०६ च घ्यायला हवा. समुपदेशक सोपा म्हणून १४०८ सुचवतात, तिकडे वळू नका. आणि ड्युअल क्रेडिटची ग्रेड कॉलेजच्या रेकॉर्डवर कायमची राहते, पुढे व्यावसायिक कॉलेजचा अर्ज भरताना ती मोजली जाते. म्हणून सोळाव्या वर्षाआधी घाई नको.

राहिल्या मैत्रिणी. त्या तोडू नका. को-ऑपमध्ये चित्रकला, वादविवाद, खेळ, जे काही असेल त्याला तिला पाठवा आणि बायॉलॉजीचा तास तेवढा सोडा. कारण विचारलं तर 'आम्ही वेगळं पुस्तक वापरतो' एवढं खरं उत्तर पुरेसं आहे. आणि जो नियम त्यांच्या पुस्तकाला लावला, तोच आपल्या घरालाही लावा. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह असा क्रम सांगून 'उत्क्रांती आपल्याकडे आधीच माहीत होती' असे संदेश फिरतात, तुमच्याकडेही येत असतील. दशावतार मुलीला आजीकडून ऐकू द्या, पूर्ण मनाने ऐकू द्या. बायॉलॉजीच्या वहीत मात्र ते येता कामा नयेत, कारण त्या वहीत फक्त पुराव्याने तपासता येईल तेवढंच लिहायचं आहे. हे मी मुद्दाम सांगते. २०१८ मध्ये औरंगाबादला एका केंद्रीय राज्यमंत्र्यांनी डार्विन चुकीचा आहे, शाळा-कॉलेजातून तो बदलायला हवा असं जाहीरपणे म्हटलं, तेव्हा देशाच्या तिन्ही विज्ञान अकादम्यांना एकत्र येऊन निवेदन काढावं लागलं होतं.

प्रश्न : आम्ही नाशिकला राहतो. मुलगा चौदा वर्षांचा, तीन वर्षांपासून घरीच शिकतो. पक्ष्यांचं वेड आहे, गोदाकाठी आणि नांदूरमध्यमेश्वरला सतत जातो. जीवशास्त्र पुढे न्यायचंय. केंब्रिजची दहावीच्या पातळीची आयजीसीएसई द्यावी की एनआयओएसची, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची परीक्षा? डॉक्टर व्हायचं अजून ठरलेलं नाही, पण दार बंद व्हायला नको.
— एक बाबा, नाशिक

उत्तर : अभ्यास म्हणून विचाराल तर आयजीसीएसई बायॉलॉजी, क्रमांक ०६१०. प्रश्न विचार करायला लावणारे असतात, आणि प्रात्यक्षिकाऐवजी लेखी 'पेपर ६' देता येतो, त्यामुळे लॅब नसली तरी अडत नाही. बाहेरून बसणाऱ्या विद्यार्थ्याला घेणारं केंद्र मात्र आधी शोधा. सगळी केंद्रं घेत नाहीत, आणि फी बरीच आहे.

खरी अडचण पुढच्या टप्प्यावर येते. केंब्रिजच्या एएस आणि ए लेव्हलला, म्हणजे अकरावी-बारावीच्या पातळीला, प्रात्यक्षिकाची परीक्षा लॅबमध्येच द्यावी लागते, तिथे लेखी पर्याय नाही. त्यामुळे ए लेव्हलसाठी तुम्हाला लॅब देणारं केंद्र लागेल, आणि ते नाशिकमध्ये मिळेल की मुंबई-पुण्याला जावं लागेल, हे आयजीसीएसई सुरू करण्याआधीच बघून ठेवा. नाहीतर दहावी एका वाटेने आणि बारावी दुसऱ्या वाटेने अशी ओढाताण होते.

एनआयओएस स्वस्त आहे, सरकारी आहे, आणि प्रात्यक्षिकं अभ्यास केंद्रावर होतात. बारावीच्या त्यांच्या जीवशास्त्राच्या पुस्तकाचा पहिलाच धडा सजीवांच्या उगमाचा आणि उत्क्रांतीचा आहे, हे मला फार आवडतं. मुक्त विद्यालयाच्या मुलांना नीट ही वैद्यकीय प्रवेशपरीक्षा देता येईल का, हा प्रश्न बरीच वर्षं कोर्टात अडकला होता, २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो त्यांच्या बाजूने सुटला. तरी अर्ज भरायच्या वर्षीची नीटची माहितीपुस्तिका स्वतः वाचा, आणि भौतिक, रसायन, जीव आणि इंग्रजी हे चारही विषय बारावीला ठेवा.

माझा सल्ला : दहावीला आयजीसीएसई परवडत असेल तर ती, बारावीला एनआयओएस. परवडत नसेल तर दोन्हीला एनआयओएस, आणि केंब्रिजचे जुने पेपर सरावाला. आणि पक्ष्यांचं वेड हे अवांतर म्हणून ठेवू नका, अभ्यासात आणा. नांदूरमध्यमेश्वर २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झालं. एकाच ठिकाणी उभं राहून, ठरलेल्या वेळी, दर पंधरवड्याला त्याने बदकांची जातवार मोजणी करावी आणि ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंदवावी. पाण्याची पातळी, तापमान, धुकं, जे मोजता येईल ते बरोबर लिहावं. वर्षभराने त्याच्याकडे स्वतःचे आकडे असतील. थापट्या आधी येतात की तलवार बदकं, पाणी उतरलं की चिखलात चरणारे पाणपक्षी वाढतात का, हे प्रश्न त्याला पुस्तकातून आणावे लागणार नाहीत. परिसंस्थेचा धडा तेव्हा उघडा.